शेजारी श्वास थांबत असताना फोन कोणी करायचा? अफूजन्य नशा, ओव्हरडोस आणि कायदा

तळटीप

तिघे जण एकत्र बसून हेरॉइन घेतात. थोड्या वेळाने एकाचे ओठ निळसर दिसायला लागतात, घशातून घरघर येते, गदागदा हलवलं तरी तो उठत नाही. उरलेल्या दोघांच्या हातात मोजकी मिनिटं असतात. रुग्णवाहिका बोलवावी तर मागोमाग पोलीस येणार, आणि पुडी, सुई, पन्नी सगळं समोरच पडलेलं आहे. नाही बोलवावी तर मित्र जाणार. त्या खोलीत कायद्याचा कोणी माणूस नसतो, तरी फोन होणार की नाही हे बऱ्याचदा कायदाच ठरवतो.

मी फौजदारी वकिली करते. एनडीपीएसचे म्हणजे अमली पदार्थांचे खटले नेहमी हातात असतात, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात विकणाऱ्यांपेक्षा ओढणारे जास्त दिसतात. म्हणून हा धागा. व्यसन वाईट, हे इथे कोणाला पटवायची गरज नाही. मला बोलायचंय ते कायदा काय करतो आणि त्यातून माणसं जगतात की मरतात याबद्दल.

ओव्हरडोसच्या प्रसंगी मदत मागणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत सगळ्यात आधी न्यू मेक्सिको राज्याने २००७ साली केला. नंतर जवळपास सगळ्या राज्यांनी आपापल्या परीने तसे कायदे केले. कॅनडाने २०१७ मध्ये देशभरासाठी केला. गाभा साधा आहे: तुम्ही आपत्कालीन मदत बोलावलीत, तर जवळ बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर आणि बेशुद्ध पडलेल्यावर लागणार नाही. पण तपशिलात गेलं की भोकं दिसतात. बहुतेक ठिकाणी संरक्षण फक्त बाळगण्यापुरतं असतं. पुडी कोणी आणली, पैसे कोणी दिले हा प्रश्न आला की ते संपतं. एकत्र नशा करणाऱ्यांत कोणीतरी एकजण आणतोच, आणि बहुधा तोच शेजारी बसलेला असतो.

त्याच वेळी दुसरा कायदा उलट दिशेने ओढत असतो. १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनने गेला. अमेरिकेत हळहळ आणि संताप उसळला आणि काही महिन्यांत संसदेने कायदा केला: पुरवलेल्या अमली पदार्थाने मृत्यू झाला, तर पुरवणाऱ्याला किमान वीस वर्षं. पुढे अनेक राज्यांनीही आपापले कायदे केले. मनात चित्र मोठ्या तस्कराचं होतं. प्रत्यक्षात अनेकदा सापडतो तो सोबत नशा करणारा मित्र, भाऊ, प्रेयसी. २०१४ मध्ये बरेज खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थोडा लगाम घातला. मृताच्या शरीरात अनेक पदार्थ असतील, तर आरोपीने दिलेला पदार्थ नसता तर मृत्यू झाला नसता हे सिद्ध करावं लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. पण त्या खोलीतल्या घाबरलेल्या पोराला बरेज खटला माहीत नसतो. त्याला वीस वर्षं माहीत असतात.

भारतात रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण आहे. ओव्हरडोसच्या वेळी फोन करणाऱ्यासाठी एनडीपीएस कायद्यात अशी तरतूद नाही. उलट कलम २५ खाली आपली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाराही आरोपी होऊ शकतो. रुग्णालयात नेलं की मेडिको-लीगल केस होते, पोलिसांना कळवलं जातं.

म्हणून कायद्याचं यश किती जणांना पकडलं यावर मोजू नये, असं माझं ठाम मत आहे. मी दोन जागी पाहते: फोन करायची वेळ, आणि तुरुंगातून सुटल्यावरचा पहिला पंधरवडा. दुसऱ्या जागेबद्दल डॉक्टर मंडळींनी लिहावं ही विनंती.

रोखठोक

ताई, लेख मन लावून वाचला. तरी असहमत.

भीती काढून टाकली तर थांबवणार कोण? कायद्याचा धाक हा एकच अडसर कित्येक पोरांच्या आणि त्या पुडीच्या मध्ये असतो. आणि पुरवणाऱ्याबद्दल इतकी कणव का? मित्र असो की भाऊ, त्याने विष आणून दिलं. माझ्या नात्यातल्या एका घराची यात धूळधाण झालेली पाहिली आहे. आईचे दागिने गेले, बापाची नोकरी गेली, आणि आणून देणारा आजही मोकळा फिरतो. त्या आईला जाऊन सांगा, की आणणारा पण आजारी आहे.

फोन करणाऱ्याला संरक्षण द्या, तेवढं मान्य. बाकी शिक्षा सैल करू नये.

भूलतज्ज्ञ

तळटीपताईंनी विचारलंय म्हणून लिहितो. ही औषधं आम्ही रोज वापरतो, त्यामुळे त्यांची ताकद आणि धोका दोन्ही जवळून माहीत आहेत.

अफूपासूनचे किंवा त्या जातीचे सगळे पदार्थ (मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल, कोडीन, ट्रामाडॉल) मेंदूच्या एकाच प्रकारच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसतात. वेदना कमी होते, सुख वाटतं, आणि श्वासाचं नियंत्रण करणारं केंद्र मंदावतं. ओव्हरडोसमध्ये माणूस मरतो तो श्वास घ्यायचा विसरल्यामुळे. हृदय बऱ्याचदा शेवटपर्यंत चालू असतं. म्हणून नुसता तोंडाने श्वास देत राहिलं तरी वेळ मिळतो.

नॅलॉक्सोन हे औषध त्या ग्राहींवरून अफूजन्य पदार्थाला हुसकावून लावतं. शिरेतून दिलं तर एक-दोन मिनिटांत, स्नायूत किंवा नाकात दिलं तर थोड्या उशिराने माणूस श्वास घ्यायला लागतो. नशा त्याने होत नाही, व्यसनही लागत नाही. शरीरात अफूजन्य पदार्थ नसेल तर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम नाही, म्हणजे चुकून दिलं तरी नुकसान नाही. अमेरिकेत १९७१ पासून मान्यता आहे आणि मार्च २०२३ मध्ये नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय, की ज्यांच्या डोळ्यांसमोर ओव्हरडोस होऊ शकतो अशा सगळ्यांच्या हाती हे असावं: वापरणारे स्वतः, त्यांचे मित्र, घरचे. आपल्याकडे ते मुख्यतः रुग्णालयाच्या कपाटात असतं, आणि ओव्हरडोस रुग्णालयाच्या कपाटाजवळ होत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. नॅलॉक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. शरीरातला पदार्थ त्याहून जास्त वेळ राहिला तर माणूस पुन्हा बेशुद्ध पडू शकतो. म्हणून शुद्धीवर आला, रागावला, घरी जातो म्हणाला, तरी रुग्णालय आवश्यकच. पोलिसांच्या भीतीने नेमकं हेच होत नाही.

आता तुरुंगाचं. नियमित घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते, मात्रा वाढत जाते. काही आठवडे सक्तीने बंद झालं की ती सहनशक्ती उतरते, पण ओढ तशीच राहते. बाहेर आला, जुनी मात्रा घेतली, की श्वास बंद. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांवरचा अभ्यास २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट होता. एकशे एकोणतीस. औषधाविना नुसतं बंद ठेवणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणाऱ्यांच्या बाबतीतही शरीराचं गणित हेच असतं.

रोखठोकदादा, तुमच्या नात्यातल्या घराबद्दल वाचून वाईट वाटलं. पण धाकाने पहिली पुडी कदाचित थांबत असेल, शंभरावी थांबत नाही. त्या वेळेपर्यंत माणूस मजेसाठी घेत नसतो, सकाळी उठून उभं राहता यावं म्हणून घेतो.

एक_बहीण

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ गर्द ओढायचा. थोडीशी पुडी सापडली म्हणून पकडला गेला. जामिनाची रक्कम भरायला आम्हाला वेळ लागला, खरं सांगायचं तर बाबांनी मुद्दाम लावला. आत राहील तर सुटेल असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. कोणीच आम्हाला वेगळं सांगितलं नव्हतं. आत त्याला टर्की लागली, म्हणजे नशा अचानक बंद झाल्याचा त्रास. उलट्या, जुलाब, अंगातली हाडं मोडल्यासारखं दुखणं. एका गोळीपलीकडे काही मिळालं नाही, असं तो भेटीत म्हणाला.

बाहेर आला तेव्हा अंगावर मांस आलं होतं. जेवायला लागला होता. आम्ही सगळे खूश. त्याच आठवड्यात गेला.

सोबतचे दोघे पळाले होते. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, जबाब झाले. पुढे आणून देणारा कोण हे कळलं. त्याच्याविषयी माझ्या मनात आजही राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. रोखठोक, तुमचं म्हणणं मला आतून कळतं.

पण डॉक्टरांनी वर लिहिलंय ते दोन आठवड्यांचं, ते आम्हाला तुरुंगाच्या दारात कोणी सांगितलं असतं तर? एक कागद दिला असता तर? सुटकेच्या वेळी त्याच्या सामानाची यादी करून सही घेतली. घड्याळ, पाकीट, पट्टा. तेवढ्या वेळात हे दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

कोवळं_ऊन

ताई, काय लिहू. तुमच्यासोबत आहे.

तळटीप, एक प्रश्न. पहिल्यांदा पकडलेल्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवायची सोय आपल्या कायद्यात आहे ना? कुठेतरी ऐकलं होतं.

तळटीप

एक_बहीण, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. सामानाची यादी होते आणि जिवाचा इशारा मिळत नाही, हे मी माझ्या पुढच्या प्रत्येक अर्जात मांडणार आहे.

कोवळं_ऊन, सोय आहे. आणि ती वापरली जात नाही ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

एनडीपीएस कायदा १९८५ चा. नुसतं सेवन हा गुन्हा आहे, कलम २७. हेरॉइन, मॉर्फिन, कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार शिक्षा आली. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, २५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. अफूसाठी २५ ग्रॅम आणि अडीच किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं, कमाल वीस, शिवाय किमान लाखाचा दंड, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य.

यात मेख अशी, की रस्त्यावरची पुडी शुद्ध कधीच नसते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मायकेल राज खटल्यात म्हटलं होतं, की भेसळ वगळून मूळ अमली पदार्थाचं वजन धरा. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं. आता संपूर्ण मिश्रणाचं वजन धरतात. विक्रेत्यांनी भेसळीच्या आड लपू नये हा त्यामागचा विचार समजतो. पण स्वतःपुरता साठा करणारा व्यसनीही त्यामुळे अल्प प्रमाणाची रेघ सहज ओलांडतो. आणि रेघ ओलांडली, की पुढे सांगते त्या दोन्ही दारांना कुलूप लागतं.

पहिलं दार कलम ६४अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येतं. दुसरं दार कलम ३९. दोष सिद्ध झाला, तरी न्यायालय शिक्षा देण्याऐवजी आरोपीच्या संमतीने त्याला उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागू शकतं.

कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. अल्प प्रमाणाच्या खटल्यात आरोपी पहिल्या-दुसऱ्या तारखेला गुन्हा कबूल करतो, काही दिवस आत काढलेले असतात, तेवढीच शिक्षा आणि थोडा दंड, विषय संपला. न्यायालयाचं काम हलकं होतं, पोलिसांची दोषसिद्धी वाढते, आरोपी संध्याकाळी बाहेर. सगळ्यांची सोय होते. ६४अ चा अर्ज कोणी करत नाही, कारण त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र लागतं, वैद्यकीय तपासणी लागते, वेळ लागतो. मोफत विधी सहाय्यातल्या वकिलाकडे त्या दिवशी ढीगभर प्रकरणं असतात. आणि तो मुलगा संध्याकाळी बाहेर पडतो तो सरळ भूलतज्ज्ञ म्हणतात त्या पंधरवड्यात.

एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात अफूजन्य पदार्थ वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख, आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. एवढ्या लोकांना पुरतील इतके तुरुंगही नाहीत आणि इतक्या खाटाही नाहीत. त्यामुळे बाह्यरुग्ण उपचार हाच व्यवहार्य रस्ता उरतो. पंजाबने २०१७ पासून ब्युप्रेनॉर्फिन हे व्यसनावरचं औषध देणारे बाह्यरुग्ण दवाखाने सुरू केले, ते याच कारणाने.

उंबरठा

ब्युप्रेनॉर्फिनचा विषय निघाला म्हणून.

मी स्वतः ते घेतो. जिभेखाली ठेवायची गोळी. नशा येत नाही, टर्की येत नाही, ओढ आटोक्यात राहते. कामावर जातो, मुलाला शाळेत सोडतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला कोणी विचारत नाही की अजून किती वर्षं घेणार. मला प्रत्येक जण विचारतो, आणि त्यात न्यायालयंही आली.

अमेरिकेत १९८९ मध्ये मायामीत पहिलं ड्रग कोर्ट निघालं. कल्पना चांगली होती: तुरुंगाऐवजी न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उपचार. पण अनेक न्यायाधीश म्हणायचे की मेथाडोन (असंच दुसरं औषध), ब्युप्रेनॉर्फिन ही पण नशाच, ती सोडा तरच पात्र. म्हणजे जे औषध मृत्यू टाळतं तेच बंद करा, नाहीतर तुरुंगात जा. ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत! शेवटी २०२२ मध्ये तिथल्या न्याय खात्याला स्पष्ट करावं लागलं, की डॉक्टरांनी दिलेली ही औषधं घेणाऱ्याला अडवणं हा अपंगत्व कायद्याखाली भेदभाव होऊ शकतो.

उलट उदाहरण फ्रान्सचं. १९९५ च्या सुमारास त्यांनी साध्या जनरल प्रॅक्टिशनरना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली. चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. तुरुंगाबद्दल बोलायचं तर अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून सगळ्या कैद्यांना आत असतानाच ही औषधं द्यायला आणि सुटल्यावर चालू ठेवायला सुरुवात केली. वर्षभरात सुटलेल्यांमधले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले.

एक_बहीण, तुमच्या भावाच्या जागी मी असू शकलो असतो. मला आत असताना एका डॉक्टरांनी ही गोळी चालू करून दिली, बाहेर कुठे जायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. बाकी माझ्यात काही वेगळं नव्हतं.

रोखठोक

उंबरठा, तुम्ही बरे आहात हे वाचून खरंच आनंद झाला. आणि बहिणी, तुझं लिहिणं रात्रभर डोक्यात होतं.

उपचाराला माझा विरोध नाही हे आधी स्पष्ट करतो. विरोध आहे तो "गुन्हाच नको" म्हणण्याला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचं बघा. २०२० मध्ये मतदान करून त्यांनी बाळगणं गुन्ह्यातून काढलं. रस्त्यावर उघड्यावर नशा सुरू झाली, लोक त्रासले, आणि २०२४ मध्ये तेच राज्य परत फिरलं. हे कोणी मला समजावून सांगेल का?

तळटीप

रास्त प्रश्न आहे. पोर्तुगालशेजारी ठेवून बघू.

पोर्तुगालमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी हेरॉइनची समस्या भयंकर होती. २००१ च्या जुलैपासून त्यांनी दहा दिवसांच्या वैयक्तिक वापराइतकं बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. हेरॉइनसाठी ते प्रमाण एक ग्रॅम. पण पोलीस आजही थांबवतात, पदार्थ जप्त करतात, आणि माणसाला एका आयोगापुढे जायला सांगतात. हा आयोग आरोग्य खात्याच्या अखत्यारीत आहे. तिघे सदस्य, कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतले. ते माणसाशी बोलतात, व्यसन आहे की नाही ते पाहतात, उपचाराकडे वळवतात. गरज पडली तर दंड किंवा इतर निर्बंध घालू शकतात. विकणं हा तिथे आजही गुन्हा आहे. आणि कायद्यासोबतच त्यांनी मेथाडोन, सुया बदलून देणं, उपचार केंद्रं यांवर खर्च केला. त्याशिवाय नुसतं कलम बदलून काही झालं नसतं.

ओरेगनने कलम बदललं ते फेब्रुवारी २०२१ पासून. बाळगलं तर शंभर डॉलरचा दंड, आणि एका हेल्पलाइनवर फोन करून तपासणी करून घेतली तर तो माफ. फोन फार थोड्यांनी केला. दंड भरला नाही तरी काही होत नव्हतं. समोर बसून बोलणारं कोणी नव्हतं, आणि उपचारासाठी ठेवलेला पैसा पोहोचायला उशीर झाला. त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल पसरलं, म्हणजे मृत्यू वाढले त्याचा सगळा दोष कायद्यावर टाकता येत नाही. तरीही रोखठोकदादांचा मुद्दा उरतो. शिक्षा काढून तिच्या जागी काहीच ठेवलं नाही, तर लोकांचा विश्वास उडतो, आणि नुकसान शेवटी व्यसनी माणसाचंच होतं.

आंतरराष्ट्रीय करार आडवे येतात असंही म्हणतात. तेवढं खरं नाही. अमली पदार्थांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या करारातच, १९७२ च्या दुरुस्तीनंतर, व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचार देता येतील असं लिहिलेलं आहे. स्वित्झर्लंडने तर गंभीर व्यसनींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइनच देण्याचे प्रयोग १९९४ पासून केले आणि २००८ मध्ये जनमत घेऊन ते कायद्यात आणले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये व्हँकूव्हरचं इन्साइट हे देखरेखीखाली टोचून घेण्याचं केंद्र बंद पाडायला नकार दिला, कारण ते बंद केल्याने लोकांच्या जिवाच्या हक्कावर घाला येतो.

कोवळं_ऊन

हे सगळं ओढणाऱ्यांबद्दल झालं. ज्या औषध कंपन्यांनी लोकांना सवय लावली त्यांचं काय झालं? पाच ग्रॅमवाल्याला तुरुंग आणि त्यांना?

भूलतज्ज्ञ

अमेरिकेतल्या पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक बाजारात आणलं, व्यसनाचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना सांगत. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचं न्यायालयात कबूल केलं, सुमारे साठ कोटी डॉलर भरले. तीन अधिकाऱ्यांनीही गुन्हा कबूल केला. तुरुंगात कोणी गेलं नाही. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. मालक सॅकलर कुटुंबाला पुढच्या दाव्यांपासून संरक्षण देणारी दिवाळखोरीची तडजोड जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. इतर वितरक आणि उत्पादक कंपन्यांकडूनही अब्जावधी डॉलर आले, आणि तो पैसा उपचारावर खर्च व्हावा अशी अट आहे. तो तसा होतो का यावर तिथल्या लोकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

मात्र इथे एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कर्करोगाचे रुग्ण तळमळत गेले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन वगैरे सहा औषधांसाठी देशभर एकसारखे, सोपे नियम करायची वाट मोकळी झाली, पण डॉक्टरांच्या मनातली भीती अजून पुरती गेलेली नाही. अमेरिकेने हात सैल सोडून माणसं मारली, आपण मूठ आवळून वेदनेत ठेवली. दोन्हीकडे कायद्याने रुग्ण पाहिला नाही.

रोखठोक

पोर्तुगालसारखी समोर बसून बोलणारी माणसं असतील तर मी माझा आग्रह थोडा मागे घेतो. विकणाऱ्याबद्दल नाही. तिथे मी आहे तिथेच आहे.

एक_बहीण

एक विचारायचं होतं. ओळखीतल्या एका घरातला मुलगा परवा पकडला गेलाय. तीन ग्रॅमच्या आसपास म्हणतात. त्याची आई माझ्याकडे आली होती. मी तिला काय सांगू?

तळटीप

तीन ग्रॅम हेरॉइन म्हणजे अल्प प्रमाण, दोन्ही दारं उघडी आहेत. तिला सांगा:

पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करू नका. वकील सरकारी असो की खासगी, त्यांना कलम ६४अ चा अर्ज करायचाय हे स्पष्ट सांगा. अल्प प्रमाणाला कलम ३७ ची अट लागत नाही, त्यामुळे जामिनाचा अर्ज सोबतच जाऊ दे. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आजच जाऊन, मुलाला दाखल करून किंवा बाह्यरुग्ण म्हणून उपचार देता येतील असं पत्र मागा. खासगी केंद्र असेल तर सरकारमान्य आहे का ते कागद पाहूनच ठरवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक विकारही येतात, त्यामुळे केंद्राची त्या कायद्याखालची नोंदणीही विचारा. मारहाण करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या जागी चुकूनही पाठवू नका.

तो आत असेल तोवर त्याला टर्कीसाठी उपचार मिळावेत, असा अर्ज न्यायालयातच द्या, म्हणजे तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी आदेश जाईल.

भूलतज्ज्ञ

आणि माझ्याकडून घरच्यांसाठी. सुटून आल्यावर पहिले दोन आठवडे त्याला एकटं झोपू देऊ नका. घेऊ नको हे सांगाच, पण घेतलंस तर जुन्या मात्रेने जीव जाईल हेही तोंडावर सांगा. त्याने लाज वाटून लपवण्यापेक्षा हे ऐकलेलं बरं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर धोका कैक पटीने वाढतो. जाग येत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता असेल, तर आधी १०८ ला फोन. मग पाठीवर झोपवून डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक श्वास. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. आंघोळ घालणं, मिठाचं पाणी पाजणं, थपडा मारत बसणं, यात वेळ घालवू नका.

उंबरठा

त्या मुलाशी मी बोलायला तयार आहे. ताई, त्याच्या आईला विचारा आणि मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

तळटीप

अर्जाचा मसुदा लिहायला घेतलाय. नावं, तारखा रिकाम्या सोडून उद्या इथेच टाकते, म्हणजे बाकीच्यांनाही वापरता येईल. सुटकेच्या वेळी कैद्याला आणि घरच्यांना ओव्हरडोसच्या धोक्याची लेखी सूचना द्यावी, अशी विनंतीही त्यात घातली आहे. भूलतज्ज्ञ, त्या सूचनेचा मजकूर तुम्ही बघून द्याल का?